जुनी ॲक्रिलिक टाकी रीफसाठी घेताय? बफिंगला देण्याआधी थिनरबद्दल विचारा

रीफ, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या जिवंत प्रवाळांच्या टाकीसाठी जुनी टाकी घेण्याबद्दलची तुमची पोस्ट वाचली. बंद पडलेल्या हॉटेलातली चार फुटी ॲक्रिलिक टाकी, 12 मिमी जाडी, पुढची बाजू ओरखड्यांनी धुरकट, वरच्या एका कोपऱ्यात पांढरट जाळी. आणि दुकानांचे बोर्ड बनवणारे एक कारखानदार म्हणतात, "थिनरने पुसून, बफ मारून, कडांना फ्लेम पॉलिश करून एका दिवसात नवी करून देतो." (फ्लेम पॉलिश म्हणजे गॅसच्या ज्योतीने कड किंचित वितळवून चमकवणं.) शनिवारी टेम्पो यायचाय असंही तुम्ही लिहिलंय. कृपा करून तो टेम्पो तूर्त थांबवा. माझी टाकी अगदी याच वाक्यावर गेली होती, म्हणून सविस्तर लिहितो.

आधीच सांगतो, मी इंजिनिअर नाही आणि तुमची टाकी मी पाहिलेली नाही. सायकलिंग (नव्या टाकीत उपयुक्त जिवाणू वाढू देणं), मीठ, आरओ-डीआय (गाळून शुद्ध केलेलं पाणी) हे सगळं तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो.

माझी टाकी एका ऑफिसातली होती, ते जागा बदलत होते. चार बाय दोन बाय दोन फूट, कास्ट (साच्यात ओतून बनवलेल्या) शीटची. सांधे उत्तम, फक्त पुढची बाजू स्क्रबर मारून मारून खराब केलेली. औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपला दिली. त्यांचं बोर्डांचं आणि डिस्प्लेच्या खोक्यांचं काम खरोखर सुबक होतं. टाकीत पाणी भरायचं आहे, मासे राहणार आहेत, हे त्यांना तोंडी सांगितलं होतं आणि चलनावर (माल दिल्याच्या पावतीवर) लिहूनही दिलं होतं. टाकी परत आली तेव्हा लख्ख होती. घरात सगळे खूश.

चाचणीसाठी पाणी भरलं. सुरुवातीला काहीच दिसलं नाही. मग एका संध्याकाळी लाइट लावल्यावर पुढच्या बाजूला वरच्या कडेलगत चंदेरी धागे दिसले. बोट फिरवलं तर पृष्ठभाग गुळगुळीत, नख कुठेच अडकत नव्हतं. बाजूने टॉर्च मारला की मात्र प्रत्येक धागा शीटच्या आत तिरका उतरलेला दिसायचा. जुन्या चिनी मातीच्या कपावर पडते तशी जाळी, फक्त इथे ती जाडीत खोलवर जात होती. टाकीच्या तोंडाशी कडेने जोडलेल्या वरच्या पट्टीपासून सुरू झालेली जाळी हळूहळू पुढच्या शीटमध्ये शिरली. यालाच क्रेझिंग म्हणतात.

वर्कशॉपच्या मालकांना फोन केला. पहिलं उत्तर, पाणी भरल्यामुळे झालं असेल. मत्स्यटाकीत पाणी भरल्यामुळे! दुसरं उत्तर, माल जुना आहे, आमची जबाबदारी नाही. प्रत्यक्ष गेलो तेव्हा पुन्हा पॉलिश करून देण्याचं वेगळं एस्टिमेट हातात ठेवलं. नेमकं काय केलं होतं हे शेवटी काम करणाऱ्या कारागिराने सांगितलं, आणि त्याने सरळ मनाने सांगितलं: वरच्या सगळ्या कडांवरून गॅसची ज्योत फिरवली, काजळी दिसली म्हणून थिनरच्या फडक्याने पुसलं, आणि "मजबुती यावी म्हणून" सगळ्या सांध्यांवरून क्लोरोफॉर्म (ॲक्रिलिक विरघळवून जोडणारा द्रव, म्हणजे सॉल्व्हंट) सोडला. त्याला कोणी शिकवलंच नव्हतं की या तीन गोष्टी एकापाठोपाठ एक केल्या की शीट मरते. माझा राग त्याच्यावर नाही. वर्षानुवर्षं ॲक्रिलिकचा धंदा करून स्वतःच्या माणसांना हे न शिकवणाऱ्या आणि वर "जुना माल" म्हणून हात झटकणाऱ्या मालकावर आहे.

हे का होतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कुणाशीही बोलताना तुम्हाला प्रश्न विचारता येतील. ॲक्रिलिक कापताना, तापवताना, वाकवताना त्यात ताण कोंडून राहतो. फ्लेम पॉलिशमध्ये वरचा पातळ थर वितळतो आणि थंड होताना आकसतो, खालचा थर त्याला आकसू देत नाही, त्यामुळे पृष्ठभाग ओढलेल्या अवस्थेतच राहतो. नुसता तसाच राहिला तर बोर्डाच्या अक्षरांना काही होत नाही. पण त्या ताणलेल्या पृष्ठभागाला थिनर, ॲसिटोन, पेट्रोल, स्पिरिट किंवा अमोनियावालं काच पुसायचं निळं लिक्विड लागलं, की ताण बारीक चिरांच्या रूपाने मोकळा होतो. कधी लगेच, कधी काही आठवड्यांनी. त्यात टाकी भरल्यावर पाण्याचा दाब सतत बाहेर ढकलत असतो. सॅनिटायझर लावलेल्या हाताने टाकीची कड धरू नका असं मी घरी आलेल्या पाहुण्यांनाही सांगतो, लोकांना ते विचित्र वाटतं, वाटू दे.

यावर उपाय असतो. काम झाल्यावर टाकी किंवा सुटा भाग ओव्हनमध्ये 80 अंशांच्या आसपास काही तास ठेवून अगदी सावकाश थंड करायचा. याला ॲनीलिंग म्हणतात. किती तास, हे जाडीवर ठरतं. ज्याच्याकडे एवढा मोठा ओव्हन नाही त्याने टाकीला ज्योत लावूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. कडा घासून गुळगुळीत करता येतात, चमक थोडी कमी येईल एवढंच.

माझ्या टाकीचं पुढे काय झालं? ॲक्रिलिकचा सांधा चिकटवलेला नसतो, दोन्ही शीट विरघळून एक झालेली असतात, त्यामुळे तो उकलता येत नाही. दुसऱ्या फॅब्रिकेटरने पुढची शीट राउटरने (कापायच्या मशीनने) कापून काढली, वरची पट्टी बदलली, नवी शीट जोडली. टाकी पुढून मागे इंचभर कमी झाली. खर्च टाकीच्या मूळ किमतीपेक्षा जास्त.

आता तुमच्या टाकीकडे.

त्या कोपऱ्यातली पांढरी जाळी आधी बघा, ओरखडे नंतर. अंधारात शीटच्या कडेतून टॉर्च मारा. सांध्यात गोल बुडबुडे दिसले आणि ते सांध्याच्या आतच असतील तर मला फारशी काळजी वाटत नाही, अनेक चांगल्या टाक्यांत असतात. पण सांध्यापासून निघून शीटच्या आत जाणाऱ्या रेषा असतील तर ती वेगळी गोष्ट. जाळी फक्त वरच्या पट्टीत असेल तर पट्टी बदलून टाकी वाचते. तळाच्या सांध्यात असेल तर रीफसाठी ती टाकी सोडून द्या. खालीच सगळ्यात जास्त दाब असतो. घासून ही जाळी जात नाही, जाते म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

ताण बघायची एक सोपी युक्ती आहे. लॅपटॉपचा स्क्रीन पूर्ण पांढरा करून टाकीच्या कोपऱ्यामागे धरा आणि पोलराइज्ड गॉगल लावून, गॉगल थोडा फिरवत, समोरून बघा. कडेजवळ रंगीत पट्टे दिसले तर तिथे ताण आहे. पट्टे दिसले नाहीत म्हणून टाकी निर्धोक, असा अर्थ मात्र काढू नका. ॲक्रिलिकमध्ये हे रंग फिकेच येतात.

ओरखड्यांबद्दल: घासायला बसण्याआधी टाकीत पाणी भरून बघा. आतल्या बाजूचे बारीक ओरखडे पाण्याखाली बरेचसे दिसेनासे होतात, कारण ॲक्रिलिकचा अपवर्तनांक (प्रकाश किती वळतो त्याचं माप) 1.49, पाण्याचा 1.33 आणि हवेचा 1. पाणी आणि ॲक्रिलिक यांच्यातला फरक कमी असल्याने प्रकाश कमी विखुरतो. बाहेरचे ओरखडे तसेच दिसतात. म्हणजे बहुतेक वेळा मेहनत बाहेरून करायची असते आणि लोक आत डोकं घालून दिवस घालवतात.

घासायचं ते हाताने, वॉटर पेपरने, भरपूर पाणी आणि दोन थेंब भांडी घासायचं लिक्विड घेऊन. नख अडकत असेल तर 400 किंवा 600 नंबरपासून, नाही तर सरळ 1000 पासून. पुढे 1500, 2000, 3000. एक नंबर आडवा तर पुढचा उभा, आणि आधीच्या नंबरच्या रेषा पूर्ण गेल्याशिवाय पुढे सरकायचं नाही. घाई केली तर 3000 झाल्यावर 600 च्या रेषा हसत समोर येतात आणि पुन्हा मागे जावं लागतं. एकाच ओरखड्यावर जोर देऊ नका. तिथे खळगा पडतो, आणि तो भिंगासारखा वागून मासा तिथून जाताना वाकडा दिसतो. हातभर रुंद पट्टा धरून घासा. शेवटी प्लास्टिकसाठीचं पॉलिश आणि सुती मऊ कापड. मशीनने बफ करायचंच असेल तर कमी वेगाने आणि सतत हलवत, ॲक्रिलिक साधारण 100 अंशांच्या पुढे मऊ पडतं आणि एका जागी थांबलेला बफ तेवढी उष्णता सहज तयार करतो.

आत चिकटलेला चुनखडीचा जांभळा-पांढरा थर ब्लेडने खरवडू नका. पांढरं व्हिनेगर किंवा लिंबाच्या फुलाचं पाणी भरून ठेवा, मग जुन्या एटीएम कार्डाने निघतो.

सांधा झिरपत असेल तर सिलिकॉन लावून भागेल असा सल्ला तुम्हाला खाली कोणीतरी देईलच. काचेच्या टाकीचं ठीक आहे, ॲक्रिलिकवर सिलिकॉन भरवशाची पकड घेत नाही. योग्य दुरुस्ती म्हणजे कोपऱ्यात आतून ॲक्रिलिकची पट्टी सॉल्व्हंटने जोडणे. पातळ सॉल्व्हंट फट भरत नाही, दोन पृष्ठभाग घट्ट टेकलेले असतील तरच काम करतं. आणि हे काम उघड्यावर करा. क्लोरोफॉर्म किंवा त्याची भावंडं बंद खोलीत हुंगण्याची वस्तू नाही.

हॉटेलची टाकी म्हटल्यावर तांब्याचा प्रश्न येतोच. नुसत्या माशांच्या टाकीत पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध सर्रास वापरतात. कोळंबी, गोगलगायी आणि प्रवाळ यांना ते अगदी कमी प्रमाणातही मारक आहे. टाकी धुऊन खाऱ्या पाण्याने भरा, पंप चालू ठेवा, आठवड्याने कॉपर टेस्ट किटने तपासा. त्यांच्या जुन्या दगडांचा आणि वाळूचा मोह धरू नका, फुकट मिळाले तरी.

भरण्याची चाचणी तळमजल्यावर करा. तुमची चार फुटी टाकीही माझ्यासारखी दोन बाय दोन असेल तर तिच्यात साडेचारशे लिटरच्या आसपास पाणी, म्हणजे खाऱ्या पाण्याचं वजनच साडेचारशे किलोच्या वर. बाल्कनीत अजिबात नाही. ॲक्रिलिकचा तळ पूर्ण टेकलेला हवा, प्लायवर फोमचा थर चालतो. तिसरा हिस्सा भरा, थांबा, बघा, मग पुढे. पुढच्या बाजूला दोन टोकांना सारख्या जाडीचे ठोकळे चिकटवून त्यांवर दोरा ताणा आणि मध्यभागी शीट आणि दोऱ्यातलं अंतर मोजून लिहून ठेवा: रिकामी, भरलेली, दुसऱ्या दिवशी, आठवड्याने. शीट थोडी फुगणं नैसर्गिक आहे, दर मापाला वाढत जाणं नाही. वरची पट्टी लाइटसाठी अडचण होते म्हणून कापणारे मी पाहिलेत. ती पट्टीच टाकी धरून ठेवते.

थोडं विषयांतर, पण लिहायलाच हवं. तुम्ही मालवणहून थोडे दगड आणि प्रवाळ आणायचं म्हटलंय. नका आणू. दगडी प्रवाळ, समुद्रपंखे आणि समुद्रघोडे 2001 पासून वन्यजीव संरक्षण कायद्याने संरक्षित आहेत, आणि मालवणचा सागरी पट्टा 1987 पासून अभयारण्य आहे. कायदेशीर सल्ला म्हणून हे घेऊ नका, मी वकील नाही. पण कायदा नसता तरीही तिथला एक दगड उचलू नये असंच म्हटलं असतं. कोरडा किंवा बनवलेला दगड घ्या, वेळ लागतो पण त्यातूनही सुंदर रीफ उभी राहते. विक्रेत्याकडून प्रवाळ घेताना आयातीची कागदपत्रं आणि नोंदणी यांबद्दल विचारा. टाळाटाळ केली तर दुसरीकडे जा.

रीफ सुरू झाल्यावर सी अर्चिन (काटेरी गोळ्यासारखे समुद्री प्राणी) ठेवू नका, ते चुनखडी कुरतडताना ॲक्रिलिकवर चरे पाडतात. टाकी पुसायचा मॅग्नेट वाळूजवळ नेऊ नका, एक कण अडकला की सगळी मेहनत वाया. आणि ॲक्रिलिक उष्णता अडवतं, थंडीत ते चांगलं, पण आपल्या उन्हाळ्यात पंपांची आणि लाइटची उष्णता टाकीतून बाहेर पडत नाही. पाणी 26 अंशांच्या आसपास ठेवायचं असेल तर चिलरचे (पाणी थंड करणाऱ्या यंत्राचे) पैसे आत्ताच बाजूला ठेवा.

त्या कारखानदारांना शनिवारच्या आधी तीनच गोष्टी विचारा: ज्योत लावणार का, ॲनीलिंगचा ओव्हन आहे का, आणि पुसायला काय वापरता. साबणाचं पाणी सोडून दुसरं काही नाव घेतलं तर टाकी देऊ नका. ते ज्योत आणि थिनर दोन्ही वगळायला तयार असतील आणि चलनावर तसं लिहून सही देत असतील, तर फक्त बाहेरच्या बफिंगपुरती द्यायला माझी हरकत नाही. कोपऱ्याचा कडेतून टॉर्च मारलेला फोटो इथे टाका, पट्टीत आहे की शीटमध्ये ते बघून सांगतो.