सेंत-एतिएनचा हिरवा रंग कुठून आला?

आपण दोन गोष्टी विचारल्या आहेत: सेंत-एतिएन या फ्रेंच शहराच्या फुटबॉल क्लबच्या जर्सीचा हिरवा रंग कुठून आला आणि जुन्या जर्सींपैकी सर्वांत मोलाची कोणती. माझ्या मते दोन्ही उत्तरे त्या शहराच्या उद्योगांत सापडतात.

हा हिरवा रंग एका किराणा दुकानांच्या साखळीचा आहे. जॉफ्रवा गिशार यांनी १८९८ मध्ये स्थापन केलेल्या ‘काझिनो’ कंपनीच्या कर्मचाऱ्यांनी १९१९ मध्ये खेळाची संघटना काढली आणि दुकानांचा रंगच अंगावर घेतला. पुढे व्यापारी नाव लावण्यास मनाई झाल्यावर क्लबचे नाव बदलले. रंग मात्र टिकला आणि १९३१ मध्ये उघडलेल्या मैदानाला गिशार यांचेच नाव मिळाले.

जर्सी निवडायची तर मी निःशंकपणे १९७० च्या दशकाच्या मध्याची ‘ल कॉक स्पोर्तिफ’ या फ्रेंच क्रीडावस्त्र कंपनीची निवडेन. हिरव्या कापडावर गळ्याशी फ्रेंच ध्वजाचे तीन रंग आणि छातीवर ‘मान्युफ्रान्स’ हे नाव. बंदुका, सायकली आणि शिवणयंत्रे बनवून टपालाने देशभर विकणारी ही कंपनी याच शहराची. खाणी बंद पडत असताना, कोळशावर वाढलेल्या त्या गावाचे नाव देशभर घेतले जात होते ते या संघामुळे, आणि म्हणूनच ती जर्सी मला केवळ जाहिरातीचे कापड वाटत नाही.

त्याच संघाने रॉबेर एर्बँ यांच्या मार्गदर्शनाखाली १९७६ च्या युरोपीय चषकाच्या उपांत्यपूर्व फेरीत, सिम्फेरोपोलमध्ये ०-२ असा पराभव पत्करूनही, घरच्या मैदानावर जादा वेळेत दिनामो कीव संघाला ३-० ने हरवले. ग्लासगोतील अंतिम सामन्यात बातनेचा फटका आणि सांतिनीचा हेडर दोन्ही गोलच्या आडव्या दांड्यावर आदळले. तो दांडा चौकोनी होता. गोलाकार असता तर चेंडू आत गेला असता, असे तेथील चाहते आजही मानतात. बायर्न म्युनिकने फ्रान्झ रोथच्या एकमेव गोलने चषक जिंकला, तरीही परतलेल्या संघाची पॅरिसमध्ये शाँझेलिझेवरून मिरवणूक निघाली. तेच गोलखांब क्लबने नंतर विकत घेऊन आपल्या संग्रहालयात ठेवले आहेत.

प्लातिनीच्या काळातील, १९८१ च्या दहाव्या फ्रेंच लीग विजेतेपदाच्या मोसमातील जर्सीही संग्राह्य आहे. पुढच्याच वर्षी क्लबच्या गुप्त निधीचे प्रकरण उघडकीस येऊन क्लबचे अध्यक्ष रोशे यांना पद सोडावे लागले आणि १९८४ मध्ये संघ दुसऱ्या श्रेणीत घसरला. त्यामुळे एकच घ्यायची असेल, तर मान्युफ्रान्सवाली घ्या.