शुश्रूषा केंद्रात आईची औषधे नीट ठेवली जातात की नाही, हे कसे ओळखावे?

आईला वृद्धांच्या शुश्रूषा केंद्रात ठेवले असून तिच्या औषधांची साठवण सुरक्षित आहे की नाही हे कसे पारखावे, असे आपण विचारले आहे. अशा केंद्रात मी अनेक वर्षे परिचारिका म्हणून काम केले आहे. माझ्या मते कपाटाच्या कुलपाच्याही आधी लेबल नेमके कशावर चिकटवले आहे, ते पाहावे.

आमच्याकडे एकदा दोन आजींच्या डोळ्यांच्या थेंबांच्या बाटल्या एकाच ट्रेमध्ये आल्या. बाटल्या दिसायला अगदी सारख्या होत्या. मात्र एकीत काचबिंदूचे औषध होते, तर दुसरीत डोळ्यांच्या कोरडेपणावरचे. नावे टोपणांवर लिहिलेली होती आणि पुसताना टोपणांचीच अदलाबदल झाली. थेंब घालण्याआधी ते लक्षात आले, पण तेव्हापासून मी टोपणावर कधीही नाव लिहिलेले नाही. रुग्णाचे नाव, औषध, त्याची मात्रा आणि वेळ हे सारे बाटलीच्या अंगावरच हवे, कारण खोके टाकून दिले जाते. गोळ्यांची पट्टी कापतानाही नाव आणि मुदत छापलेला भाग आधी कापला जाऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे उघडल्याची तारीख. न उघडलेले इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसला ठेवतात, परंतु वापरायला काढल्यावर बहुतेक प्रकार सुमारे 28 दिवसांनी टाकून द्यावे लागतात, मग छापील मुदत कितीही पुढची असो. एकदा गोठलेले इन्सुलिन पुन्हा वितळले तरी वापरू नये. म्हणून फ्रिजमध्ये तापमापक आणि त्याच्या रोजच्या नोंदी आहेत का, हे अवश्य विचारा.

संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट चालू असेल, तर विशेष काळजी घ्या. ते आठवड्यातून एकदाच द्यायचे असते आणि चुकून रोज दिले गेल्यास जिवावर बेतू शकते. म्हणून लेबलवर वाराचे नाव स्पष्ट लिहून घ्या.

मॉर्फिनसारखी औषधे वेगळ्या कुलपात ठेवून पाळी बदलताना दोघांनी मिळून मोजलेली असावीत. डॉक्टरांनी मात्रा बदलली असेल, तर जुन्या लेबलवर पेनाने केलेली खाडाखोड मान्य करू नका; औषधविक्रेत्याकडून नवे लेबल मागवण्याचा आग्रह धरा.