आज लोकप्रिय असलेली बाळांची नावे पुढे जुनाट वाटू लागतात का?

आपण विचारले आहे की शिवांश, रियांश, अन्वी यांसारखी सध्या घरोघरी ऐकू येणारी नावे पुढच्या पिढीला जुनाट वाटतील का, आणि तसे असल्यास बाळाचे नाव ठेवताना त्याचा विचार करावा का. माझ्या मते यांतील बहुतेक नावे जुनी वाटू लागतील, मात्र सगळी सारख्याच वेगाने नव्हे.

मी सोलापुरातील एका शाळेत शिक्षक असून शाळेचे जनरल रजिस्टर बरीच वर्षे माझ्या ताब्यात आहे. त्याच्या कडा झिजलेल्या जुन्या पानांवर इरप्पा, नागम्मा, नरसय्या, अंबुबाई, तुळशीराम अशी नावे आढळतात, कारण या शहरात मराठीबरोबरच कन्नड आणि तेलुगू बोलणारी घरे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. पुढे सुनीता, संगीता, अनिल, संजय यांची रांग लागते, त्यानंतर अमोल, स्वप्नील, प्रियांका येतात, आणि अलीकडच्या पानांवर ‘अंश’ने संपणारी मुले एकाखाली एक दिसतात. मधल्या पानांपासून अप्पा, अम्मा, अय्या हे शेवट विरळ होत जातात आणि तिन्ही भाषांच्या घरांतील मुलांची नावे एकसारखी होतात. सुनीताच्या घरी कोणती भाषा बोलतात हे तिच्या नावावरून ओळखता येत नाही.

हे रजिस्टर चाळताना माझे असे मत झाले की नावात सर्वांत आधी जुना होतो तो त्याचा शेवट. देव तोच राहतो. ग्रामदैवत सिद्धेश्वरांवरून आजोबा सिद्धाराम किंवा सिद्धप्पा झाले आणि नातू सिद्धेश झाला. रमाबाईतली ‘बाई’ गळाली आणि रमा हे नाव पुन्हा नवे वाटू लागले. नातवंडांना आजीचे नाव म्हातारे वाटते, पण पणतवंडांच्या डोळ्यांसमोर त्या नावाची कोणी वृद्ध स्त्री नसल्याने त्यांना ते गोड वाटते. मीरा, राधा ही नावे अशीच परतली असावीत.

वेगाबद्दल एक अभ्यासही आहे. जोना बर्गर आणि गाएल ले मान्स या संशोधकांनी फ्रान्स आणि अमेरिकेतील शंभर वर्षांच्या नावांच्या नोंदी तपासून २००९ साली असे दाखवून दिले की जी नावे झपाट्याने लोकप्रिय होतात ती तितक्याच झपाट्याने मागेही पडतात. अमेरिकेत १९७० ते १९८४ अशी सलग पंधरा वर्षे मुलींच्या नावांत जेनिफर पहिल्या क्रमांकावर होते आणि आज ते नाव ऐकताच त्या स्त्रीचे वय तिथल्या लोकांच्या लक्षात येते. म्हणून गेल्या चार-पाच वर्षांतच अचानक कानावर पडू लागलेल्या नावापेक्षा, ज्या नावाची माणसे आपल्या नात्यात तिन्ही पिढ्यांत सापडतात, असे नाव मी सुचवीन.

तरीही जुने वाटणे म्हणजे कमीपणा नव्हे, हे मी आग्रहाने सांगेन. १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी गेलेल्या सोलापूरच्या चार हुतात्म्यांपैकी मल्लप्पा धनशेट्टी यांचे नाव आज क्वचितच कोणी बाळाला ठेवील, पण या शहरात ते उच्चारताना आवाजात आदरच असतो.

बारशाची तारीख जवळ आली म्हणून घाई करू नये. पाळण्यात चरणाक्षराप्रमाणे राशीचे नाव ठेवावे आणि व्यवहारातील नाव सावकाश ठरवावे. जन्मनोंदणीत बाळाचे नाव बारा महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून घालता येते. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या बाबतीत बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम शासकीय कागदपत्रांवर लागतो, तेव्हा मनात असलेले नाव या चौघांच्या ओळीत लिहून मोठ्याने वाचून पाहावे.