ग्रोथ हॉर्मोन कमी, थायरॉईडच्या अँटीबॉडी पॉझिटिव्ह: आधी काय तपासायचं?

मुलगा ९ वर्षांचा, वर्षभरात उंची जेमतेम ३ सेंटीमीटर वाढली, क्लोनिडिन टेस्टमध्ये (औषध देऊन ग्रोथ हॉर्मोन किती वाढतं ते बघणारी टेस्ट) ग्रोथ हॉर्मोन कमी, शिवाय थायरॉईडच्या अँटीबॉडी, म्हणजे शरीराने स्वतःच्याच ग्रंथीविरुद्ध बनवलेली प्रथिनं, पॉझिटिव्ह. म्हणून पिट्युटरीच्या (मेंदूच्या तळाशी असलेली, ग्रोथ हॉर्मोन बनवणारी ग्रंथी) अँटीबॉडीही तपासाव्यात का, असं तुम्ही विचारलंय.

मी तरी त्या टेस्टच्या मागे लागणार नाही. त्या अँटीबॉडी काही निरोगी लोकांतही सापडतात आणि पिट्युटरीला खरंच सूज असलेल्या काहींत सापडत नाहीत. एवढ्या रिपोर्टवरून डॉक्टर औषध ठरवत नाहीत.

आधी टीएसएच (थायरॉईडला चालना देणारं पिट्युटरीचं हॉर्मोन) आणि फ्री टी४ (थायरॉईडचं स्वतःचं हॉर्मोन) बघा. थायरॉईड कमी असताना ग्रोथ हॉर्मोनची टेस्ट केली तर ते खोटंच कमी दिसू शकतं. थायरॉक्सिनच्या (थायरॉईड हॉर्मोनच्या) गोळीने थायरॉईड जागेवर आलं की टेस्ट पुन्हा करावी. मात्र टी४ कमी असूनही टीएसएच वाढलेलं नसेल, तर दोष पिट्युटरीत असू शकतो. तेव्हा गोळीआधी सकाळचं कॉर्टिसॉल (ॲड्रिनल ग्रंथीचं हॉर्मोन, तेही पिट्युटरीच्या इशाऱ्यावर बनतं) बघायलाच हवं. ते कमी असताना थायरॉक्सिन सुरू केलं तर जिवावर बेतू शकतं.

दुसरं सेलिॲक, म्हणजे गव्हातल्या ग्लूटेनमुळे आतड्याला इजा होणारा आजार. ऑटोइम्यून (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटलेली) थायरॉईड असलेल्या मुलांत ते जास्त आढळतं, आणि पोटाची काही तक्रार नसताना नुसती उंचीच अडू शकते. टीटीजी-आयजीए (सेलिॲकची अँटीबॉडी) आणि सोबत एकूण आयजीए, या रक्ताच्या टेस्टमधून त्याचा अंदाज येतो. निदान पक्कं झाल्यावर ग्लूटेन बंद केलं की बहुतेक मुलं उंची भरून काढतात. पथ्य नीट पाळूनही वर्षभरात वेग आला नाही, तर मग ग्रोथ हॉर्मोनकडे वळायचं.

आता पिट्युटरीवरचा खरा ऑटोइम्यून हल्ला, म्हणजे लिम्फोसायटिक हायपोफायसायटिस. मुलांत तो दुर्मिळच. बऱ्याचदा आधी दिसते ती सततची तहान आणि ढीगभर लघवी, आणि एमआरआयमध्ये पिट्युटरीचा देठ (तिला मेंदूशी जोडणारा भाग) जाड. पण जर्मिनोमा नावाची गाठ किंवा लँगरहान्स सेल हिस्टिओसायटोसिस (एका प्रकारच्या पेशी बेसुमार वाढण्याचा दुर्मिळ आजार) हुबेहूब असंच दिसतं! त्यामुळे देठ जाड असताना कुणी ‘ऑटोइम्यून असेल’ म्हणून फाईल मिटत असेल, तर एएफपी, बीटा-एचसीजी (अशा गाठीचा माग लावणाऱ्या टेस्ट) आणि काही महिन्यांनी पुन्हा एमआरआय, हे स्वतःहून विचारा.

मूळ कारण ऑटोइम्यून निघालं तरी कमतरता टिकून असेल तर इंजेक्शन ग्रोथ हॉर्मोनचंच. फरक एवढाच की बाकीची हॉर्मोन्सही पुढे घसरू शकतात, म्हणून ती अधूनमधून तपासत राहावी लागतात.

एमआरआय झालाय का? आणि मुलगा रात्री पाणी प्यायला उठतो का? तेवढं कळवा.