मराठी कादंबरीवर परदेशी नर्तकांसोबत समकालीन नृत्यनाट्य करता येईल का? शब्द काढले तर उरतं काय?

तुम्हाला व्यंकटेश माडगूळकरांची धनगरांच्या वाडीवरची कादंबरी ‘बनगरवाडी’ मंचावर आणायची आहे, सोबतच्या दोन परदेशी नर्तकांना मराठीचा गंध नाही, आणि मित्र म्हणतात की माडगूळकरांचे शब्दच काढले तर दाखवणार काय? मी सांगलीत नाटकांच्या आणि अधूनमधून नृत्याच्या तालमींत संहितेची बाजू बघते, त्यामुळे हा वाद माझ्या ओळखीचा आहे.

करता येईल. फक्त गोष्ट नाचून दाखवायला जाऊ नका. मास्तर आला, शाळा भरली, दुष्काळ पडला हे ओळीने हातवाऱ्यांत सांगायला लागलात की प्रेक्षक ‘हा कोण, कारभारी का?’ करत शेजाऱ्याला विचारत बसतो. वाचलेल्याला ते अपुरं वाटतं, न वाचलेल्याला कळत नाही.

तैवानच्या ‘क्लाउड गेट’ या नृत्यसंस्थेचे लिन ह्वाय-मिन यांचं १९९४ चं ‘साँग्ज ऑफ द वाँडरर्स’ जमेल तिथे मिळवून पाहा. त्यामागची प्रेरणा हेरमान हेसेची ‘सिद्धार्थ’. म्हणजे जर्मन भाषेत लिहिलेली भारतातली गोष्ट, नाचणारे तैवानी, आणि गाणी चक्क जॉर्जियातली लोकगीतं! तरीही ठिगळं लावल्यासारखं वाटत नाही, कारण लिन यांनी कथानक सोडलं आणि एकच वस्तू घट्ट धरली, तांदूळ. मंचावर साडेतीन टन सोनेरी तांदूळ. एक भिक्षू हात जोडून उभा, त्याच्या डोक्यावर तांदळाची धार पडतेच आहे आणि बाकीचा नाच त्याच्या आजूबाजूला. शेवटी एक माणूस दाताळं घेऊन त्या तांदळात वर्तुळं ओढत राहतो, कितीतरी वेळ. नदी, वाट, तप सगळं त्यात येऊन जातं. लिन नृत्यात येण्याआधी स्वतः कथालेखक होते, तेव्हा शब्दांची कदर नसलेल्या माणसाने हे केलं असं कोणी म्हणू नये.

तर ‘बनगरवाडी’त धरायचं काय? माझं मत, काठी आणि घोंगडं.

इथे बहुतेकांचा हात आधी धनगरी गजाकडे, म्हणजे धनगरांच्या ढोलावरच्या फेराच्या नाचाकडे जातो. आटपाडी, जत, कवठेमहांकाळ पट्ट्यात गजा अजून दणक्यात चालतो आणि तो बघण्यासारखाच आहे. पण परदेशी पाहुण्यांना फेटा बांधून, हातात रुमाल देऊन चार दिवसांत फेर शिकवला की शाळेचं गॅदरिंग होतं. त्याऐवजी माणसं उभी कशी राहतात ते बघा. आमच्या एका तालमीला आटपाडीकडचे वयस्क मेंढपाळ आले होते, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांना म्हटलं, नाचू नका, मेंढरं चरताना उभे राहता तसे राहा. काठी बगलेत, एक पाय दुसऱ्या पोटरीला टेकवलेला, मान सैल. जर्मन नर्तिका तशी उभी राहिली आणि तिची मांडी लटलटायला लागली. आबा म्हणाले, “पोरी, भार काठीवर टाक की. पायानं कशाला तोलतीस?” मी इंग्रजीत सांगेपर्यंत तिने भार सोडलासुद्धा. मग बराच वेळ तेच चाललं. काठी काढून घ्यायची, तिच्या जागी कुणाचा तरी खांदा द्यायचा, थोड्या वेळाने तो खांदाही सरकवायचा. दुष्काळात रिकामं होत जाणारं गाव मला तिथे दिसलं.

घोंगड्याचंही तसंच. खोळ करून डोक्यावर घेतलं की नुसती मान वळवून भागत नाही, अख्खं अंग वळवावं लागतं. भिजवलं तर इतकं जड होतं की उड्या मारणारा गडीही जमीन धरून चालतो. (वासाची तक्रार येणार हे धरून चाला. हॉलवाल्याकडूनही.) आणि पाहुण्यांना इथलं शिकवाल तसं त्यांचं जमिनीवरचं काम, पडणं, लोळणं, उठणं, ते इथल्या पोरांना शिकवू द्या. एकाच बाजूने शिकवणी चालली की दुसरी बाजू शोभेला उरते.

राहिला शब्दांचा प्रश्न. डान्स थिएटरमध्ये बोलायला बंदी नाही. जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशचे नर्तक मंचावर सर्रास बोलायचे. माडगूळकरांचं गद्य हाताशी असताना ते गाळणं करंटेपणा होईल. पण ते नर्तकाच्या तोंडी देऊ नका, दुसऱ्या कुणाकडून वाचून घ्या. कॅनडातली नृत्यदिग्दर्शिका क्रिस्टल पाइट आणि नाटककार जोनाथन यंग यांनी २०१९ मध्ये गोगोलच्या ‘इन्स्पेक्टर जनरल’ या नाटकावर (पुलंचा ‘अंमलदार’ त्याच नाटकावरून) ‘रिव्हायझर’ केलं. त्यात संवाद नटांच्या आवाजात आधीच रेकॉर्ड केलेले आहेत आणि नर्तक त्यावर ओठांसकट अख्खं शरीर हलवतात.

सांगलीला यात नवं काही नाही, हे सांगायचा मोह आवरत नाही. कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींचा खेळ पाहून सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धनांनी विष्णुदास भाव्यांना मराठीत तसं काही करायला सांगितलं आणि १८४३ मध्ये ‘सीता स्वयंवर’ झालं. त्या खेळांत कथेची पदं सूत्रधार गायचा आणि पात्रं त्याबरहुकूम वावरायची. तुमचा वाचक म्हणजे तोच सूत्रधार. त्याला बाजूला स्टुलावर बसवा, हातात पुस्तक राहू द्या, आणि नर्तक जे करताहेत त्याच्याशी न जुळणारा उतारा वाचायला लावा. पायपिटीचं वर्णन चालू असताना सगळे निश्चल, असं. दोन्ही जुळलं की एक फुकट जातं.

हक्कांचं मात्र आत्ताच बघा. व्यंकटेश माडगूळकर २००१ मध्ये गेले. आपल्याकडे लेखकाच्या निधनाचं वर्ष संपल्यापासून ६० वर्षं हक्क वारसांकडे राहतात, म्हणजे २०६१ अखेरपर्यंत. लेखी परवानगी घ्या. त्यात नृत्यरूपांतर, उतारे वाचणं, परदेशातले प्रयोग आणि व्हिडिओ चित्रण हे चारही वेगवेगळं लिहून घ्या. ‘प्रयोगाला परवानगी आहे’ एवढ्या एका ओळीवर पाहुण्यांची विमानाची तिकिटं काढू नका.