‘मना पोऱ्या भलता धिमा शे’

अमळनेरहून मुलाच्या करिअरचा सल्ला घ्यायला आलेल्या वडिलांचं हे पहिलंच वाक्य, अहिराणीत: माझा मुलगा फारच धीमा आहे. त्यांचं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. मुलगा (इथे त्याला रोशन म्हणते) बारावी सायन्स झालेला, मार्क बेताचे, आणि त्याला विमान दुरुस्तीकडे जायचं होतं.

“गिऱ्हाईक दारात उभं असतं अन् हा वेढे दोन-दोनदा मोजत बसतो. याला विमानाजवळ कोण जाऊ देईल?”

पोरगं चपळ नाही, फार हुशार नाही, मग एवढं जोखमीचं काम जमेल का, असं बरेच पालक विचारतात. मी त्यांना १९९० सालचा प्रसंग सांगितला. इंग्लंडहून स्पेनला निघालेल्या विमानाच्या कॉकपिटची काच १७ हजार फुटांवर निखळली आणि कॅप्टन कमरेपर्यंत बाहेर ओढला गेला. सुदैवाने वाचला. आदल्या दिवशी पहाटे ती काच बदलताना ९० पैकी ८४ बोल्ट किंचित कमी जाडीचे लागले होते. पार्टचा नंबर कॅटलॉगमध्ये न पाहता जुन्या बोल्टशी नजरेने जुळवून घेतले होते. दोनदा मोजणारा मुलगा इथे हवाच होता.

इंग्रजीची धास्ती रोशनला होती. विमान दुरुस्तीच्या मॅन्युअलचं इंग्रजी मुद्दाम सोपं लिहिलेलं असतं, वाक्यं छोटी, शब्द ठरावीक. रोज एक पान वाचून तसंच काम करून बघ, म्हटलं. आणि प्रवेशाआधी संस्थेला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता आहे का, ते स्वतः तपासायचं. कोर्सचं प्रमाणपत्र म्हणजे लायसन्स नव्हे. त्याच्या परीक्षा वेगळ्या, शिवाय प्रत्यक्ष कामाचा अनुभव लागतो.

माझी खरी काळजी वेगळीच होती. विचारलं, “तुझ्या हातून शेवटची चूक कधी झाली?”

रोशन बराच वेळ खाली बघत राहिला. मग म्हणाला, गेल्या आठवड्यात पारोळ्याकडच्या एका शेतकऱ्याचा पंप दिला, दुसऱ्या दिवशी टेबलावर एक स्प्रिंग वॉशर (बोल्ट ढिला होऊ नये म्हणून लावतात ती चकती) सापडला. तो केसिंगच्या बोल्टचाच होता. कुणाला सांगितलं नाही.

वडील ताडकन वळले. “मग बोलला का नाही?”

“तुम्ही ओरडले असते.”

हँगरमध्ये, म्हणजे विमानं दुरुस्त करतात त्या शेडमध्ये, एक पाना कमी भरला, तर तो सापडेपर्यंत विमान सोडत नाहीत. पहाटे तीनला, सगळे दमलेले असताना, ‘माझा पाना सापडत नाही’ हे त्या माणसानेच बोलायचं असतं. धीमेपणाची मला भीती नाही, गप्प बसण्याची आहे. ते मी रोशनला सांगितलं, आणि वडिलांनाही, कारण गप्प बसायला तो घरीच शिकला होता.

वडील काही बोलले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी खिशातून मोबाईल काढला आणि रोशनपुढे धरला.

त्याने तिथेच नंबर लावला. “काका, मी दुकानातून बोलतो. पंप जरा बंद ठेवा. एक वॉशर माझ्याकडून राहिलाय. आम्ही येतो.”

दोघे माझ्याकडून निघाले ते थेट पारोळ्याच्या रस्त्याला लागले.