पाहुणा बोलवायचा तो प्रश्न विचारायला

प्रिय,

तुझं पत्र मिळालं. विद्यापीठात राजकीय विषयांची व्याख्यानमाला सुरू करायची, सगळ्या पक्षांची माणसं बोलवायची आणि पहिलं व्याख्यान दिवाळीच्या सुट्टीनंतर ठेवायचं, हे तुम्ही मुलांनी ठरवलंत याचा फार आनंद झाला. पण तू विचारलेल्या सगळ्या शंका सभागृह, बॅनर, हार-तुरे आणि मंचावर कोण बसणार याबद्दलच्या आहेत. प्रश्नोत्तरांबद्दल एक अक्षर नाही. म्हणून मी तिथूनच सुरू करते.

आपल्याकडच्या कार्यक्रमात वेळ जातो कुठे, हे एकदा घड्याळ लावून बघ. पाचचा कार्यक्रम पाहुण्यांची गाडी आली की पावणेसहाला सुरू होतो. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल-श्रीफळ, प्रास्ताविक. मग परिचय करून देणारा अख्खा बायोडेटा वाचतो. पाहुणा माईकपाशी येईपर्यंत साडेसहा. तो तासभर बोलतो, अध्यक्ष समारोपात तेच पुन्हा सांगतात, आणि सूत्रसंचालक म्हणतो, ‘वेळेअभावी प्रश्न घेता येणार नाहीत.’ आभार, राष्ट्रगीत, चहा. एखादा आमदार असा येऊन गेला, तर त्याला ती आणखी एक सभाच झाली. फक्त श्रोते तरुण होते आणि खुर्च्या बऱ्या होत्या.

तुम्ही उलटं करा. परिचय चार वाक्यांत. सत्कार नकोच; करायचाच असेल तर कार्यक्रम संपल्यावर. भाषण चाळीस मिनिटं आणि प्रश्न किमान तेवढाच वेळ. हे निमंत्रणाच्या पहिल्याच पत्रात लिहा. ज्याला प्रश्न नको असतील तो तिथेच नकार देईल. त्या नकाराचं वाईट वाटून घेऊ नका.

चिठ्ठ्यांची पद्धत अजिबात नको. एका कॉलेजात मी मंचावर निवेदकाच्या शेजारी बसले होते. समोर एका मंत्र्यांचं भाषण झालेलं, चिठ्ठ्यांचा ढीग आलेला. निवेदकाने पीकविम्याबद्दलच्या दोन चिठ्ठ्या उलगडल्या, वाचल्या, पुन्हा घडी घातली आणि खिशात टाकल्या. मोठ्याने वाचली ती चिठ्ठी, ‘तुमच्या यशाचं रहस्य काय?’ अशी होती. तिसऱ्या रांगेतला एक मुलगा शेवटपर्यंत मान उंचावून वाट बघत होता. मला त्या दिवशी फार राग आला, आणि तो अजून गेलेला नाही. माईक सभागृहाच्या मधल्या वाटेत उभा करा. विचारणाऱ्याने रांगेत यावं, नाव आणि वर्ग सांगावा, एका मिनिटात प्रश्न विचारावा. पहिले दोन प्रश्न मुलींचे घ्या, नाहीतर नेहमीचे बोलके चेहरे माईक धरून ठेवतात. एकाने भाषणच सुरू केलं, तर त्याला थांबवायची हिंमत असलेलाच अध्यक्ष निवडा. पद मोठं असून उपयोग नाही.

दिल्लीला जवाहरलाल नेहरू विद्यापीठात, म्हणजे जेएनयूत, आपली बरीच मुलं शिकायला जातात, त्यांना विचार. तिथे हॉस्टेलच्या मेसमध्ये रात्रीचं जेवण उरकलं की त्याच बाकांवर व्याख्यान होतं. पाहुणा खासदार असो की प्राध्यापक, समोर जेवून बसलेली मुलं असतात आणि बोलून झालं की प्रश्नांच्या फैरी सुरू होतात. विद्यार्थी संघाच्या निवडणुकीआधी अध्यक्षपदाचे उमेदवार रात्री जाहीर वादसभेत उभे राहतात, एकमेकांना प्रश्न विचारतात, श्रोत्यांचेही घेतात. तिथलं सगळंच उचलून आणावं असं मी म्हणत नाही. पण प्रश्न विचारणं हा सरावाचा भाग आहे, तो सराव त्या मुलांना रोज मिळतो.

आपल्याकडे महाराष्ट्रात तो सराव मोडला. १९८९मध्ये मुंबईत कॉलेज निवडणुकीच्या वैरातून एका विद्यार्थ्याचा खून झाला. पुढे १९९४च्या विद्यापीठ कायद्याने थेट निवडणुका जाऊन गुणांवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आली. २०१६च्या कायद्याने निवडणुकांची तरतूद परत आणली, पण २०१९मध्ये होणार म्हणून गाजलेल्या निवडणुकाही पुढे ढकलल्या गेल्या. म्हणजे अठराव्या वर्षी विधानसभेला मत देणाऱ्या मुलाने कॉलेजात एकदाही उमेदवाराला जाब विचारलेला नसतो. तुमची व्याख्यानमाला मला एवढी महत्त्वाची वाटते ती यामुळे.

आता तू लिहिली नाहीस ती खरी भीती. ‘विद्यापीठात राजकारण नको’ असं कुणी म्हटलं तर काय सांगायचं? पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचं उदाहरण दे. २९ जानेवारी १९३९ला त्या संस्थेच्या वार्षिक समारंभात काळे स्मृती व्याख्यान द्यायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आले होते. ते तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाचे नेते आणि मुंबई विधानसभेचे सदस्य होते. म्हणजे पूर्णवेळ राजकारणातला माणूस. विषय होता ब्रिटिशांच्या १९३५च्या भारत सरकार कायद्यातलं संघराज्य, तेव्हाचा सगळ्यांत तापलेला प्रश्न. संस्थानांचे प्रतिनिधी लोकांनी निवडायचे नाहीत, राजांनी नेमायचे, अशी त्या संघराज्याची रचना होती, आणि बाबासाहेबांनी तिची कलम-कलम चिरफाड केली. एका अभ्यास-संस्थेला असा वक्ता बोलावण्यात काही गैर वाटलं नाही. तो अभ्यासच होता.

पण त्याच्या तीन वर्षं आधी काय झालं, तेही वाच. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने १९३६च्या अधिवेशनाचं अध्यक्षपद बाबासाहेबांना दिलं होतं. जातिव्यवस्था मोडण्यावरचं ते भाषण छापून झालं. मसुदा हाती आल्यावर मंडळ घाबरलं. धर्मशास्त्रांवरचे काही भाग काढा, म्हणू लागलं. बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलणार नाही असं कळवलं, आणि अधिवेशनच रद्द झालं. मंडळातली माणसं सुधारकच होती, हे मात्र विसरू नकोस. त्यांचा हेतू चांगला होता. पंजाबातल्या बड्या पुढाऱ्यांनी पाठ फिरवायला सुरुवात केली, तिथे त्यांचे पाय लटपटले. तुमचेही तिथेच लटपटतील. कुणी वरून सांगेल की भाषण आधी मागवून घ्या, नजरेखालून घालतो. तसं करू नका. विषय विचारा, मसुदा मागू नका. एकदा मसुदा हातात आला की तो दुरुस्त करावासा वाटतोच.

पुढची हकीकत तर व्याख्यानमाला चालवणाऱ्या प्रत्येकाने पाठ करावी अशी आहे. बाबासाहेबांनी ते भाषण स्वखर्चाने १,५०० प्रती छापून प्रसिद्ध केलं. दोन महिन्यांत प्रती संपल्या. गांधीजींना त्यातला मुद्दा मान्य नव्हता, तरी आपल्या ‘हरिजन’ साप्ताहिकात त्यांनी लिहिलं की स्वागत समितीने लोकांना एका स्वतंत्र विचाराच्या माणसाला ऐकण्यापासून वंचित ठेवलं. आठ आणे किंमत जास्त आहे, दोन आणे किंवा निदान चार आणे करा, असंही सुचवलं. विरोधकाचं पुस्तक अधिक लोकांपर्यंत पोहोचावं म्हणून स्वस्त करा, असं सांगणारा विरोधक! आणि बाबासाहेबांनी दुसऱ्या आवृत्तीत गांधीजींचे आक्षेप छापून खाली आपलं उत्तर दिलं. तुम्हीही हेच करा. भाषण आणि प्रश्नोत्तरं शब्दश: उतरवून काढा. कुणाचा प्रश्न राहून गेला असेल, तर तो पाहुण्याला पाठवा आणि उत्तर आलं की सोबत जोडा. उत्तर नाही आलं तर ‘उत्तर आलेलं नाही’ एवढंच छापा.

निवेदनं येतील. एखादी संघटना प्राचार्यांना किंवा कुलसचिवांना जाऊन भेटेल, अमुक वक्ता नको म्हणेल. त्यांना टाळू नका. त्यांच्या लोकांना बसवून घ्या, चहा पाजा आणि सांगा की सुरुवातीच्या प्रश्नांत एक तुमचा. दाराबाहेर फलक घेऊन उभं राहायचं असेल तर तोही त्यांचा हक्क आहे. पण मंचावर चढून माईक ओढायचा कुणालाही हक्क नाही, हे तितक्याच स्पष्टपणे सांगा. परवानगी नाकारली गेली तर कारण लेखी मागा. तोंडी नकार सोपा असतो. लिहायला बसलं की बरेच नकार विरघळतात.

‘दोन्ही बाजू एकाच मंचावर’ हा हट्ट सोडून द्या. पाच-सहा पक्षांची माणसं एका टेबलामागे बसवली की टीव्हीवरचा आरडाओरडा होतो आणि कुणाचाच मुद्दा पूर्ण होत नाही. एका संध्याकाळी एकच पाहुणा. समतोल वर्षभरात साधा, आणि वर्षाची यादी आधीच जाहीर करा. मग पहिल्या पाहुण्यावरून तुम्हाला कुठल्या पक्षाचं लेबल लावायला निघालेल्या माणसाला पुढची चार नावंही दिसतील. निवडणुकीची आचारसंहिता लागण्याचा काळ मात्र वगळा. त्या दिवसांत उमेदवाराचं भाषण प्रचारच ठरतं, मग तुम्ही काहीही म्हणा.

पैशांचं थोडक्यात सांगते. कुठल्याही पक्षाकडून, नगरसेवकाकडून, बॅनरवर फोटो मागणाऱ्या दात्याकडून एक रुपया नको. पाहुण्याचा प्रवासखर्च आणि साधं मानधन विद्यापीठाच्या निधीतून किंवा वर्गणीतून. मंडप नको, सभागृह आहे ना.

तू यादीत पहिलं नाव ज्यांचं लिहिलंस ते तुम्हा सगळ्यांचे लाडके आहेत, हे मला दिसतंय. त्यांना तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर टाका. सुरुवात अशा माणसाने करा ज्याचं तुमच्या गटातल्या निम्म्या मुलांना पटत नाही. त्याची विधानसभेतली किंवा संसदेतली भाषणं शोधून काढा, त्याने कुठल्या विधेयकावर काय भूमिका घेतली ते वाचा, आणि आठ जणांनी मिळून वीस प्रश्न तयार करा. ‘तुम्हाला काय वाटतं’ छापाचे नकोत. ‘अमुक साली तुम्ही असं म्हणालात, आता तसं करताय, मधे काय बदललं?’ असे हवेत.

वीस प्रश्न आणि निमंत्रणाचा मसुदा तयार झाला की मला पाठव. प्रश्न आधी पाठव, निमंत्रण नंतर.

तुझी,
मॅडम